जिताड्यांचं माहेर

पुंडलिकनगरात मला ‘माशांच्या मॅडम’ म्हणतात. राहायला आले त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मालनबाईंनी भिंतीवरून विचारलं होतं, “अवं मॅडम, समुद्राचं शिकल्यात म्हणं तुम्ही, मग इथं काय करायलात? इथं तर नळाला आठ-आठ दिस पाणी नाय!” मला राग आला होता. राग मला पटकन येतो, हे आधीच सांगून टाकते. पण बाई बोलली ते खरंच होतं. बावीस वर्षं मी कोकणात वेळशेतच्या खाडीवर काढली, तिथले मासे मोजले, आणि आबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सगळं सोडून इथं आले. आई आधीच गेलेली. भाऊ राजेंद्र पुण्याला, त्याला सुट्टी मिळत नाही. मला नवरा नाही, पोरं नाहीत, म्हणजे मला काय, सुट्टीच सुट्टी.

तो फोन यंदा भादव्यात आला. वेळशेतच्या खाडीच्या तोंडाशी कोळशाची जेट्टी होणार होती. त्यासाठी गाळ उपसायचा, तळ खोल करायचा, खडक फोडायचे. आधी पर्यावरणाचा अहवाल लागतो. तो करणाऱ्या कंपनीतला शिवराज नावाचा माणूस बोलत होता. आवाज गोड, दर वाक्याला ‘मॅडम’. त्याला एकच हवं होतं. त्या खाडीत आता जिताड्याची वीण होत नाही, असं माझीच आकडेवारी सांगत होती. ती आकडेवारी माझी आहे आणि नीट पद्धतीनं घेतलेली आहे, एवढं मी सही करून द्यायचं. सही दिली तर जेट्टी. नाही दिली तर फाइल अडणार आणि निदान दोन-तीन वर्षं तरी खाडी वाचणार. इतका सरळ मामला होता.

दुसऱ्या दिवशी वेळशेतच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनचाही फोन आला. “मॅडम, सही करू नका हो.”

मी विचारलं, “जिताडा दिसतो का कुणाला?”

“नाय दिसत. पण खाडी आमची आहे ना.”

“मग मी काय लिहू? दिसतो म्हणून लिहू?” मी त्याच्यावर खेकसलेच. त्यानं फोन ठेवला.

जिताडा म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर मालनबाईंसारखं सगळ्यांना वाटेल, एका माशाचं काय एवढं? हा मासा तरुणपणी नर असतो आणि वाढून हातभर झाला की मादी होतो. म्हणजे मोठे जिताडे त्या सगळ्या बायका. पावसाळ्यात त्या नदीतून खाली उतरतात आणि खाडीच्या तोंडाशी एका खोल जागी गोळा होऊन अंडी घालतात. मोठे तेवढे वेचून काढले की मागं नुसते नर उरतात आणि वंश खुंटतो. हे मला पुस्तकातून कळलं होतं. वेळशेतच्या बायकांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. त्या जागेला त्या ‘माहेर’ म्हणत. माहेरवाशीण बाळंतपणाला आली की तिला कामाला लावत नाहीत, तसं आषाढाच्या अमावास्येपासून सर्वपित्रीपर्यंत तिथं जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, आणि गावाबाहेरच्या माणसाला ती जागा दाखवायची नाही. असा त्यांचा रिवाज.

मला ती दाखवली लक्ष्मीबाईनं. खडकावरची कालवं काढून विकणारी ही बाई, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. चार वर्षं माझ्या मागं-पुढं फिरून तिनं मला पारखलं, आणि एका ओहोटीला खडकावर बसवून बोट दाखवलं. “डॉक्टरीणबाय, हे माहेर. कुणाला सांगायचं नाय.” मी म्हटलं, नाही सांगणार.

आणि सांगितलं. गावात कुणाला नाही, जगाला सांगितलं. त्या जागेवर मी शोधनिबंध लिहिला. परीक्षकांनी म्हटलं, नेमकं ठिकाण द्या, त्याशिवाय शास्त्र कसं? मी अक्षांश-रेखांश दिले, दशांश चिन्हानंतर चार आकडे. मला वाटलं, छापून आलं की सरकार जागा राखीव करील. सरकारनं वरच्या अंगाची तिवरांची झाडी तेवढी राखीव केली. तोंडाच्या पाण्याला कुणी वाली नव्हता. पुढच्याच पावसाळ्यात बाहेरच्या चार बोटी बरोब्बर त्या चार आकड्यांवर येऊन उभ्या राहिल्या. दोन मोसमांत माहेर रिकामं झालं. त्यानंतरच्या माझ्या वहीतले आकडे बघा: तीन, दोन, एक, शून्य.

लक्ष्मीबाई मला एका शब्दानं बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी रडत तिच्या ओट्यावर गेले तेव्हा तिनं चहा दिला आणि म्हणाली, “तुमचं काम ते. तुम्ही तरी काय करणार?” त्या चहाचा घोट मला आजही उतरत नाही.

इथं आल्यावरही मोजणी बंद पडू द्यायची नाही, असं मी ठरवलं. बावीस वर्षांची साखळी, ती तुटली की तिची किंमत गेली. म्हणून दर आषाढात मी लक्ष्मीबाईला कोरे तक्ते पाठवायची, आणि सोबत पुंडलिकनगरचा पत्ता घातलेले, तिकिटं लावलेले लिफाफे. तिला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. तारीख, ओहोटी, किती दिसले. मोसम संपला की लिफाफा यायचा. एक वर्ष शून्य. दुसरं वर्ष शून्य. गेल्या वर्षीही शून्य. तिचं शून्य भाकरीएवढं असतं, चौकटीत मावत नाही.

त्या शून्यावर माझा पूर्ण विश्वास होता, आणि त्याचं कारण आबा. आबा, म्हणजे कडुबा, आमच्या गावी पिशोरला पावसाचं माप वाचायचे. रोज सकाळी साडेआठला काचेच्या नळीत पाणी ओतून बघायचं आणि वहीत लिहायचं. पाऊस नसेल त्या दिवशीही जायचं. मी लहानपणी विचारायची, आबा, ऊन पडलंय, कशाला जाता? ते म्हणायचे, “शून्य बी लिवावं लागतंय, पोरी. नाय लिवलं तर लोक म्हंत्याल, कडुबा झोपला व्हता.” एका साली पाऊस थोडका झाला, पण दुष्काळी सवलती मिळायला जेवढा कमी लागतो त्याहून जरासाच जास्त. गावातले सर्जेराव दहा-पंधरा माणसं घेऊन आमच्या दारात आले. “कडुबा, दोन बोटं कमी लिव. गावाचं भलं होईल.” आबांनी लिहिलं नाही. गाव सवलतीविना राहिलं. तसंही आम्ही वेशीच्या त्या अंगाचे, बुद्धवाड्यातले. त्यानंतर आईला वर्षभर विहिरीवर कुणी बोललं नाही. मी ही गोष्ट आयुष्यभर मिरवली. विद्यार्थ्यांना सांगितली, भाषणात सांगितली. आकडा म्हणजे आकडा!

तर मी सही केली. शहरात औरंगपुऱ्यात गेले, गल्लीतल्या एका टायपिंगवाल्याकडं मजकूर टाइप करून घेतला, शेजारी नोटरीचा शिक्का मारून घेतला. टायपिंगवाला म्हणाला, “मॅडम, ये जिताडा क्या चीज है?” मी म्हटलं, “थी एक चीज.” स्वतःच्या बोलण्याचं मला तेव्हा कौतुकही वाटलं असेल. रिक्षानं परत आले, आबांना सगळं सांगितलं. त्यांचं तोंड वाकडं झालंय, बोलणं अर्धं कळतं. ते माझ्याकडं बघत राहिले. मी धरून चाललेच की त्यांना पटलं.

सहीनंतर वीस दिवसांनी, घटस्थापनेच्या सकाळी दाराची कडी वाजली. बाहेर लक्ष्मीबाई उभी. नऊवारी चुरगळलेली, डोळे लाल, काखेत पिशवी, हातात माझाच लिफाफा. त्यावरचा पत्ता दाखवत दाखवत ती इथवर आली होती. पुण्यात गाडी बदलली, रात्रभर उभ्यानं आली.

“अहो लक्ष्मीबाई! फोन नाही का करायचा?”

“फोन नातवाचा. सगळे कान लावून बसतात. हे फोनवर बोलायचं नाय, बाय.”

पाणी प्यायली, आबांच्या पाया पडली, पिशवीतून सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, आणि आमसुलांची पुडी काढली. मग दार लावून घ्यायला सांगितलं. मी लावलं. ती माझ्याजवळ सरकली आणि असं हसली की तिचा एकुलता पुढचा दात दिसला.

“माहेरवाशिणी परत आल्या.”

मला आधी कळलंच नाही. तिनं कमरेचा बटवा सोडला आणि आतून जुन्या जाळ्याच्या दोरीचे चार तुकडे काढले. प्रत्येकाला गाठी मारलेल्या. “ही पहिल्या सालची. चार. ही दुसरी, अकरा. ही गेल्या सालची, वीस. आणि ही यंदाची. मोजा.” मी मोजल्या. सदतीस.

“पण तक्त्यात तर तुम्ही…”

“शून्य लिवलं.” ती केवढ्या अभिमानानं म्हणाली ते! “तुमच्या कागदात दिसलं की बोटी येतात. तेव्हा एकदा बघितलं ना मी. म्हटलं, कागदात नाय गेलं तर कोण येतो? चारच आल्या होत्या हो त्या साली. चार जणींना मी उघडं पाडू? म्हणून लिवलं भलंमोठं शून्य. चेअरमनला नाय सांगितलं, पोराला नाय सांगितलं. कसं?”

माझ्या हातात सदतीस गाठी होत्या. बावीस वर्षांत मी कधी एका मोसमात तीसच्या वर मोजले नव्हते. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, एक क्षण अगदी पोरीसारखा आनंद झाला. आणि पाठोपाठ औरंगपुऱ्यातला तो शिक्का आठवला.

“आधी का नाही आलात?” माझा आवाज चढला. “पंधरा दिवस, महिनाभर आधी का नाही आलात?”

“मोसम संपायच्या आधी कशी येऊ? सर्वपित्रीपर्यंत मोजायला नको? अर्धवट मोजणी म्हणजे खोटी मोजणी, हे तुम्हीच नाय का शिकवलं मला?” ती जरा दुखावली होती. “आता ते जेट्टीवाले तुमच्याकडं कागद घेऊन येणार, असं चेअरमन म्हणत होता. म्हटलं, डॉक्टरीणबायला खरं ठाऊक असलं पाहिजे. तुम्ही सही देऊ नका. बस, एवढंच. मग त्यांचं काय चालत नाय.”

मी म्हटलं, तुम्ही अंघोळ करून घ्या, पाणी तापवते. ती न्हाणीघरात गेल्यावर मी गच्चीवर जाऊन शिवराजला फोन लावला.

“मॅडम, नमस्कार! तुम्हालाच फोन करणार होतो. मंजुरी आली परवा. फाइल तुमच्या कागदासाठीच अडली होती. दिवाळी झाली की गाळ उपसायला ड्रेजर लागतोय.”

“मी सही मागं घेते. नोंदी चुकल्यात.”

तो आणखी गोड झाला. “घ्या ना मॅडम, तुमचा हक्क आहे. फक्त लेखी द्यावं लागेल, नोंदी खोट्या आहेत म्हणून. कोणत्या सालापासून खोट्या? कारण बघा, त्याच वहीवर वरची तिवरं राखीव झालीत. तीन वर्षं खोटी म्हटली तर आधीची खरी कशावरून, हे कुणीही विचारील. आणि मासे आहेत म्हणता, तर जागा दाखवा. आमची माणसं येऊन मोजतील.”

मी त्याला नको ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं. असल्या माणसांना शिव्या पचतात.

खाली आले तर लक्ष्मीबाई केस पुशीत आबांच्या खाटेशी बसली होती, आणि त्यांच्या हातात यंदाची दोरी होती. चांगल्या हाताच्या अंगठ्यानं आबा एकेक गाठ चाचपत होते. ती त्यांना आपली सगळी करामत रंगवून सांगत होती. आबा ऐकत होते. आणि हसत होते. वाकड्या तोंडानं, लाळ गळेपर्यंत हसत होते. तीन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मी लाळ पुसायला वाकले तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “तिनं केलं,” ते म्हणाले. मग हसू गेलं आणि डोळे भरले. “म्या नाय केलं. दोन बोटं… नाय लिवली म्या.”

तेवढंच बोलले. चाळीस वर्षं मी जे मिरवत होते ते हा माणूस मनात जाळत बसला होता, आणि मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. आबांनी खरं लिहिलं आणि गाव उपाशी राहिलं. लक्ष्मीबाईनं खोटं लिहिलं आणि मासे वाचले, आणि त्याच खोट्यावर मी खरेपणाचा शिक्का मारून त्यांना ड्रेजरखाली घातलं. मग माणसानं लिहायचं तरी काय? तुम्हाला ठाऊक असेल तर मला सांगा.

जेवताना मी तिला सहज विचारल्यासारखं विचारलं, “माहेर त्याच जागी आहे का अजून?”

“छे! शहाण्या झाल्यात त्या. जुन्या जागी नाय बसत. दुसरीकडं बसतात.”

“कुठं?”

तिनं ताटातला भात कालवला. माझ्याकडं बघितलं नाही. “ते नाय सांगत, बाय. रागावू नका. एकदा सांगितलं होतं.”

मी रागावले नाही. कुठल्या तोंडानं रागावणार? सहीचं तेव्हाच सांगून टाकलं असतं तर तिनं कदाचित जागा दाखवलीही असती. मग पुन्हा दशांश चिन्हानंतर चार आकडे. दिवाळीआधी बोटी, दिवाळीनंतर ड्रेजर. जेट्टीचा नकाशा माझ्या कपाटात होता, शिवराजनंच पाठवलेला. खाडीचं सगळं तोंड त्यात रंगवलेलं आहे, या काठापासून त्या काठापर्यंत. जुनी जागा काय आणि नवी काय. तिनं लपवलेली जागाही त्या रंगाखालीच असणार.

तरी सांगायला हवं होतं. दिवसभर मी तोंड उघडत होते आणि मिटत होते. भांडी घासताना सांगीन म्हटलं, चहाला सांगीन म्हटलं. मालनबाई येऊन बसल्या, लक्ष्मीबाईला विचारू लागल्या, “समुद्र लई खोल असतो का हो?” ती म्हणाली, “तुमच्या विहिरीपेक्षा कमीच असेल,” आणि दोघी खिदळल्या. ती इतकी खुशीत होती. सासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिनं पहिल्यांदा कुणाला तरी हरवलं होतं. बोटीवाल्यांना, सरकारला, आणि मलासुद्धा. जन्मभर खऱ्याच्या गप्पा मारल्या मी, आणि ऐन वेळेला भित्री निघाले.

संध्याकाळी उजेड होता तोवरच तिला बसस्थानकावर घेऊन गेले. पुण्याची गाडी लागली होती. तिला खिडकीची जागा मिळवून दिली, पाण्याची बाटली दिली. दोऱ्या तिनं माझ्याकडंच ठेवल्या. “ही खरी वही. ही तुमच्याकडं राहू दे.” मी खिडकीखाली उभी होते.

“सही नाय द्यायची हां,” ती म्हणाली.

मी मान हलवली. कशी हलवली देव जाणे, म्हणजे देव मी मानत नाही, पण हलवली.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. तिला एकदम आठवलं, तिनं पिशवी चाचपून माझा लिफाफा काढला. आत यंदाचा तक्ता होता, अजून कोरा. “बघा, हे राहिलंच. तुम्हाला विचारून लिवीन म्हटलं. पुढच्या साली तुम्ही म्हणाल तसं करू. पण यंदा काय लिवू?”

“शून्यच लिहा,” मी म्हटलं.

“पुढच्या सालीपण?”

“पुढच्या सालीपण.”

तिला केवढं बरं वाटलं. “बघा, कळलं ना तुम्हाला शेवटी,” ती म्हणाली, आणि गाडी वळेपर्यंत खिडकीतून हात हलवत राहिली.